प्लास्टिकला पाणी

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पन्नाशी आली, गुडघे कुरकुरायला लागले, स्वतःची लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तरी थोरल्या जावेच्या मानाने ती धाकटीच. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा आणि शीर शोधायची. रडणारं पोर असो की सुकून काटकुळा झालेला म्हातारा, तिला पहिल्याच टोचण्यात शीर सापडायची, त्यामुळे तिथे तिचा शब्द चालायचा. घरी अंगणाचा विषय निघाला की तोच शब्द उंबऱ्याच्या आतच अडायचा.

घर एक, पण भाग दोन. डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी आणि तिचा नवरा, मधल्या खोलीत सासरे. त्यांना सगळे नाना म्हणत. थोरलीचे यजमान बदलीच्या गावी होते, महिन्यातून दोन दिवस यायचे. समोरचं अंगण सामाईक होतं, तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद, कोपऱ्यात एक जुना कडुनिंब. नाना शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात लॉन लावलं आणि मैदानासारखं सपाट राखलं. कडेच्या विटासुद्धा सावधानमध्ये उभ्या असल्यासारख्या दिसत.

लॉन दिसायला देखणं, पण पाणी किती प्यायचं! नळ एक दिवसाआड तासभर यायचा. एका उन्हाळ्यात माणसांना आंघोळीला अर्धी बादली आणि गवताला रोज सहा बादल्या, असा प्रकार सुरू झाला. तरी गवत पिवळं ते पिवळंच. तेव्हा धाकटी म्हणाली, "हे आता बास. अंगणाचं मी बघते."

"बघ बाई," थोरली म्हणाली. नवरा म्हणाला, "वहिनी म्हणतात तर बघ." नाना काहीच बोलले नाहीत. धाकटीने तीच परवानगी धरली.

मग तीन वर्षं तिने त्या अंगणात जीव ओतला. लॉन खणून काढलं. छपराचं पाणी मुरावं म्हणून पन्हळीखाली खड्डा केला, त्यात विटांचे तुकडे आणि जाड वाळू भरली. वॉशिंग मशीनचा पाइप गटारातून काढून एका चरात सोडला आणि चरात कर्दळीचे गड्डे लावले, कारण साबणाच्या पाण्याचं कर्दळीला वावडं नसतं. उन्हात तग धरणारी झाडं निवडली. भिंतीकडेला कोरफड, मग गवती चहा, सदाफुली, कुंपणावर बोगनवेल. आणि सगळ्या मोकळ्या मातीवर कडुनिंबाचा पालापाचोळा, वीतभर जाड. लॅबमधला एक जुना थर्मामीटर तिने मागून आणला होता. एप्रिलच्या दुपारी उघडी माती सेहेचाळीस दाखवायची, पाचोळ्याखालची एकतीस. हे आकडे तिने घरात सगळ्यांना सांगितले. "बरं," सगळे म्हणाले.

खरी लढाई होती ती पाचोळ्यावरून. आठवड्याला येणारा माळी पाला दिसला की झाडू उचलायचा.

"पाला काढायचा नाही, पसरायचा," धाकटी सांगायची.

"ताई, वीस वर्षं झाली या धंद्यात. कचरा माळी काढतो. घालत नाही."

"तो कचरा नाही. खत आहे."

"मग खत आणून देतो की पिशवीतलं. हे काय, पानगळीचं जंगल!"

ती लॅबमधून परत यायच्या आत त्याने दोनदा सगळा पाला गोळा करून फाटकाबाहेर ढीग लावला होता. तिसऱ्यांदा तिने तो ढीग घमेल्याने परत आत आणला, माळ्यासमोर, पांढऱ्या कोटातच. कुरिअरवाला फाटकातून विचारायचा, "इथं राहतं का कोणी?" आणि थोरलीचं एकच पालुपद असायचं.

"साप येईल."

"ताई, तीस वर्षांत कधी आलाय का?"

"साप काय सांगून येतो?"

तिसऱ्या वर्षी अंगणाने जीव धरला. पाणी आठवड्यातून एकदा दिलं तरी पुरायचं. दुपारी धाकटीच्या पुढच्या खोलीत पंखा एकवर चालायचा. फुलपाखरं यायला लागली, आणि नानासुद्धा सकाळी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचू लागले. त्यांनी कौतुक केलं नाही, पण खुर्ची टाकली. धाकटीला तेवढं पुष्कळ होतं.

फेब्रुवारीअखेर लेक बाळंत झाली आणि धाकटी सहा आठवडे तिच्याकडे गेली. जाण्याआधी तिने एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. पाला काढू नये. फवारणी करू नये. कर्दळ छाटू नये. रोज पाणी घालू नये. अकरा कलमं, आणि सगळ्यांच्या शेवटी 'नये'.

नवरा मागच्याच वर्षी बसडेपोतून निवृत्त झाला होता. तीस वर्षं त्याने गाड्यांची वेळापत्रकं लावली होती. रिकामं बसणं त्याला येतच नव्हतं. त्याने कागद दोनदा वाचला.

"म्हणजे करायचं काय?"

"काहीच नाही. नुसतं राहू द्यायचं."

"एवढंच? अगं, मग कागद कशाला? जा तू निवांत."

लेकीच्या घरून ती दर दोन दिवसांनी फोन करायची. बाळाची अंघोळ, बाळाचं दूध, बाळाची झोप झाली की विचारायची, "अंगण कसंय?"

"एकदम मस्त. आलीस की बघशीलच," नवरा म्हणायचा. त्याचा आवाज असा खुशीत असायचा की तिला बरं वाटायचं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती परतली. गाडी गल्लीत वळली आणि लांबूनच तिला अंगण हिरवं दिसलं. एप्रिलमध्ये नसतं इतकं हिरवं. एक क्षण तिला खरंच वाटलं, आपण नव्हतो तेव्हा कुठे पाऊस झाला की काय. फाटकाशी नवरा उभा होता, हसत. मागे थोरली, एका पायाला पट्टी बांधून. फाटक उघडलं तेव्हा धाकटीला नवा वास आला. दुकानातल्या नव्या चटईचा वास.

अंगणभर प्लास्टिकचं गवत होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, एका उंचीचं, एका रंगाचं. कडेने राखाडी ठोकळ्यांची फरशी. तीन पांढऱ्या कुंड्या आणि त्यांत कसल्याशा पामची झाडं, पानांवर अजून दुकानाची चिठ्ठी. कर्दळीचा चर बुजवला होता. वॉशिंग मशीनचा पाइप परत गटारात गेला होता. कडुनिंब होता, पण बुंध्याला चिकटवून सिमेंटचा ओटा बांधला होता, बसायला.

"कसंय?" नवऱ्याने विचारलं.

तिच्या तोंडून आलं, "माझी कोरफड कुठेय?"

"नर्सरीवाल्याला दिली. त्यानं फुकट नेली सगळी झाडं, वर गाडीभाडंही मागितलं नाही!" त्याला त्या गोष्टीचा फार आनंद झाला होता. "आता तुला काही बघायला नको. ना खणायचं, ना पाणी, ना माळ्याशी डोकं लावायचं. म्हटलं, दमून येणार, तिला जरा सुख द्यावं."

शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं. इतक्या प्रेमाने गळा दाबणाऱ्याशी कसं भांडायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती आत गेली, हात धुतले, आणि नळ बंद करून नुसतीच मोरीत उभी राहिली.

चहाच्या वेळी सगळं कळलं. साप निघाला होता. खरोखर निघाला होता. ती गेल्यावर दहाव्या दिवशी थोरली कपडे वाळत घालत होती, तेव्हा गवती चहातून हातभर धामण सरसरत गेली. थोरली ओरडून मागे पळाली आणि पायरीवरून पडली. घोटा मुरगळला. आधी माळी धावत आला आणि म्हणाला, "मी सांगत होतो." मग आजूबाजूचे आले, त्यांनीही तेच म्हटलं. नवऱ्याने वीस मिनिटांत निर्णय घेतला.

"धामण विषारी नसते हो," धाकटी म्हणाली. "उंदीर खाते."

"तिच्या कपाळावर लिहिलेलं असतं का ते?" थोरली म्हणाली.

"मला एक फोन करायचा."

"तू तिकडे बाळात. उगीच कशाला घोर?" नवरा म्हणाला.

तीन वर्षं धाकटी साप येणार नाही म्हणून सांगत आली होती आणि साप आला होता. कुठल्या तोंडाने बोलणार? ती सकाळी लॅबमध्ये जायची, परत आल्यावर खाली मान घालून अंगण ओलांडायची. चपलेखाली प्लास्टिक करकरायचं. लॅबमध्ये मात्र काय झालं कोणास ठाऊक, त्या आठवड्यात तिला दोन रोग्यांना दोनदा टोचावं लागलं.

मग ऊन चढलं. दुपारी अंगणातून वाफ यावी तशी गरम हवा खिडकीतून आत येऊ लागली, आणि तिच्याबरोबर तो चटईचा वास. पंखा पाचवर गेला. एका दुपारी नाना, सवयीप्रमाणे अनवाणी, खुर्ची सावलीत सरकवायला म्हणून उतरले. ओट्यामुळे खुर्ची आता कडुनिंबाखाली मावत नव्हती, ती अंगणाच्या मधोमध होती. चार पावलांवर ते थांबले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पुढेही जाता येईना आणि मागेही. थोरली लंगडत धावली आणि त्यांना ओढून आणलं. धाकटी घरी आली तेव्हा नानांचे दोन्ही तळवे थंड पाण्याच्या टबात होते आणि उजव्या टाचेवर फोड आला होता.

तिने फोडावर मलम लावून पट्टी बांधली. मग थर्मामीटर काढला आणि बाहेर नेऊन गवतावर ठेवला. पारा त्रेसष्टला गेला.

"त्रेसष्ट," ती नवऱ्याला म्हणाली.

"ऊनच तसंय यंदा," तो म्हणाला. पण नानांच्या पायाकडे बघताना त्याचा चेहरा उतरला होता, हे तिने पाहिलं. आता तरी काही होईल, असं तिला वाटलं.

झालंही. दोन दिवसांनी ती लॅबमधून परतली तर फाटकाखालून रस्त्यावर पाणी वाहत होतं. नवरा डोक्याला रुमाल बांधून अंगणाच्या मध्ये उभा, हातात नळी. तो कडेपासून शिस्तीत, एकही कोपरा न सोडता, प्लास्टिकच्या गवताला पाणी घालत होता.

धाकटी फाटकातच थांबली. "अहो, हे काय करताय?"

"थंड करतोय. नानांचे पाय भाजतात ना. अर्धा तास टिकतं. मग परत मारायचं."

"दिवसातून किती वेळा?"

"तीनदा. ऊन फार असलं तर चारदा."

"तुम्ही प्लास्टिकला पाणी घालताय."

"तापतं गं ते!"

"नळ एक दिवसाआड येतो! जिवंत झाडांना मी आठवड्यातून एकदा पाणी देत होते, मोजून! मोरीतलं, धुण्याचं, सगळं वाचवत होते! आणि तुम्ही टाकी उपसून प्लास्टिक भिजवताय?" तिचा आवाज गल्लीत गेला. समोरच्या खिडकीचा पडदा हलला. तिला त्याची पर्वा नव्हती. "मी काहीही करू नका म्हटलं होतं. काहीही! जगात यापेक्षा सोपं काम असतं का? भिंतीलासुद्धा जमतं!"

नवऱ्याने नळी खाली टाकली. "मी तुझ्यासाठी केलं."

"माझ्यासाठी केलंत तर मला विचारायचं होतं!"

"आणि तू?" हा आवाज थोरलीचा होता. ती आपल्या दारात काठीला टेकून उभी होती. "तू मला विचारलंस का?"

"तुम्ही 'बघ बाई' म्हणालात."

"म्हणाले. एकदा. त्यानंतर तीन वर्षं साप येईल, साप येईल म्हणून ओरडत होते, तर तू मला आकडे सांगत होतीस. एकतीस आणि सेहेचाळीस." थोरलीने काठी उचलून दाखवली. "माझी ती पुढची खिडकी बघ. तीन वर्षं मी ती उघडली नाही. तुझी खोली गार झाली म्हणतेस. माझी भट्टी झाली होती. रात्री एकटी असते मी इथे. लहानपणी माझ्या चुलत्याला साप चावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तुला सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस."

धाकटीने त्या खिडकीकडे पाहिलं. झडपांच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या. रोज चारदा ती त्या खिडकीसमोरून ये-जा करायची. आपण हसलो नसतो, असं ती म्हणणार होती. पण तिला आठवलं, ती हसली होती. पुष्कळदा.

नळीतून पाणी वाहतच होतं. शेवटी धाकटीनेच जाऊन नळ बंद केला.

रविवारी सकाळी तिने पहार काढली आणि कडुनिंबाभोवतीचा ओटा फोडायला घेतला. "झाडाला श्वास हवा, बाकी राहू दे हवं तर," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. माळी आला, पाच मिनिटं पाहत उभा राहिला, आणि "बांधलेलं फोडायचं काम आपलं नाही" म्हणून निघून गेला. सिमेंट चिवट होतं. दहा घाव घातले की एक चतकोर निघायचा. तासाभराने नवरा बाहेर आला आणि दुसऱ्या बाजूने छिन्नी-हातोडा घेऊन बसला. त्याने स्वतःच्याच हौसेने बांधून घेतलेला ओटा तो स्वतःच फोडत होता. त्याचं तोंड इतकं पडलेलं होतं की धाकटीला त्याची कीव आली. पण कीव आली म्हणून राग गेला, असं झालं नाही. दोन्ही एकत्र राहिले, एका घरात दोन जावा राहतात तसे.

दुपारी ती थोरलीकडे गेली. "ताई, तुमच्या खिडकीपासून किती मोकळं हवं?"

थोरलीने बराच विचार केला. "दहा फूट. आणि तिथे पानसुद्धा नको."

"दहा फुटांपर्यंत फरशी वाढवू. गवत मात्र निघेल, नानांसाठी. उरलेलं माझं."

"उंच काही लावायचं नाही. झाडांत काय चाललंय ते मला इथून दिसलं पाहिजे."

"बरं."

गवत काढायला तीन रविवार गेले. त्याखाली दगडाची कच पसरून धुमसाने ठोकली होती, रस्त्याला ठोकतात तशी. तिने तीन वर्षं भुसभुशीत केलेली माती आता कुदळीला ठिणग्या दाखवत होती. एक गांडूळ दिसलं नाही. धाकटी एका ठिकाणी खणता खणता थांबली आणि तिथेच फतकल मारून रडली, रागाने, नाक पुसत. नवरा पाणी घेऊन आला तर तिने ते पाणी मातीवर ओतलं. तो दुसरा पेला आणायला गेला.

काढलेलं गवत कोणाला नको होतं. दुकानदार म्हणाला, वापरलेलं घेत नाही. कचऱ्याच्या गाडीवाला म्हणाला, एवढा मोठा माल चालत नाही. भंगारवाल्याने हात लावून पाहिलं आणि मान हलवली. शेवटी चार गुंडाळ्या करून त्या घराच्या मागे भिंतीला उभ्या केल्या. त्या तिथे तशाच आहेत. नर्सरीवाल्याकडे ती स्वतः जाऊन आली. तिची कोरफड विकून झाली होती.

जून उजाडता उजाडता तिने लॅबमधल्या मैत्रिणीकडून गवती चहाची ठोंबं आणि सदाफुलीची रोपं आणली. कर्दळीचा एक गड्डा बुजवलेल्या चरात, ढेकळाखाली, जिवंत सापडला. ती रोपं लावत होती तेव्हा थोरली स्टूल घेऊन बाहेर आली आणि आपल्या दहा फुटांच्या हद्दीवर, फरशीच्या शेवटच्या ठोकळ्यावर, ते मांडून बसली. घोटा आता बरा होता. मागे तिची खिडकी अर्धी उघडी होती. बिजागऱ्यांना तेल नवऱ्याने घातलं होतं.

"हे काय?"

"सदाफुली."

"केवढी होते?"

"गुडघ्याएवढी."

"कुणाच्या गुडघ्याएवढी? तुझ्या की माझ्या?"

थोरली तिच्याहून वीतभर बुटकी होती. "तुमच्या," धाकटी म्हणाली.

"मग चालेल." थोरलीने बोट दाखवलं. "आणि ते गवती चहाचं, ते जरा लांब लाव."

धाकटीने लावलेलं ठोंब उपटलं, दोन हात मागे नेलं आणि कठीण मातीत नवा खड्डा करायला घेतला. त्या आठवड्यात तिने चौदा रोपं लावली. पुढच्या रविवारपर्यंत त्यातली नऊ वाळली. ती परत मैत्रिणीकडे गेली आणि आणखी नऊ घेऊन आली.